गोविंदराव टेंबे : पेटीवाला, नट, नाटककार, राजा

(भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात आलेलं तसंच ठेवलंय, फक्त ‘अं’, ‘म्हणजे’ थोडे छाटलेत.)

2025च्या जानेवारीत ‘संगीत मानापमान’ सिनेमा आला, सुबोध भावेंचा. गाणी शंकर-एहसान-लॉय यांची. बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की या नावाचं एक नाटक आहे आणि ते 1911 सालचं आहे. त्या नाटकाला ज्यानं चाली दिल्या तो माणूस आपल्या कोल्हापूरचा. आजचा भाग त्याच्यावर.

गोविंद सदाशिव टेंबे. जन्म 5 जून 1881, सांगवडे गावचा. आपल्यातल्या काहींनी हे नाव पाटीवर वाचलं असेल, कारण देवल क्लबच्या रंगमंदिराला त्यांचंच नाव आहे. पण पाटीवर नाव असलं की माणसाबद्दल कुणी काही विचारत नाही, हा आपल्या गावचा जुना नियम.

तर गोविंदराव मूळचे पेटीवाले. हार्मोनियम. शिकवणारा कुणी नाही, देवल क्लबात कान उघडा ठेवून बसायचं आणि आपलं आपण वाजवायचं. तेव्हाचं कोल्हापूर काय होतं बघा! शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादियाखाँसाहेब गवई. गोविंदरावांनी त्यांच्यासमोर बसून तालीम अशी घेतली नाही, पण गुरू मानलं ते त्यांनाच. पुढं खाँसाहेबांचं चरित्रही लिहिलं. आणि साथ केली ती भास्करबुवा बखल्यांची.

साथ म्हणजे काय ते जरा समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यात आहे. गवई गातोय. पुढच्या क्षणी तो कुठं जाणार हे त्यालाही पक्कं माहीत नसतं. पेटीवाल्यानं ते ओळखायचं आणि अर्ध्या श्वासाच्या अंतरानं मागं जायचं. पुढं गेलात तर उद्धटपणा, फार मागं राहिलात तर गाणं पडतं. त्यात पेटीची एक अडचण. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, त्याला मींड म्हणतात. पेटीत प्रत्येक सुराची पट्टी वेगळी, मधे काहीच नाही. ती फट बोटांच्या चपळाईनं आणि भात्याच्या दाबानं झाकायची. वर्षानुवर्षं असं केलेल्या माणसाला दुसऱ्याचा गळा आतून कळतो. माझ्या मते गोविंदरावांची खरी कमाई ही.

आता 1911. किर्लोस्कर नाटक मंडळी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं नवं नाटक बसवतेय. खाडिलकर म्हणजे ‘केसरी’तले, टिळकांचे. त्यांच्या ‘कीचकवधा’वर सरकारनं आदल्याच वर्षी बंदी घातलेली. आता त्यांनी लिहिलं ते श्रीमंत भामिनी आणि गरीब पण शूर धैर्यधर यांचं. ती त्याचा अपमान करते, मग वनमाला बनून त्याच्या जवळ येते. आणि यात पदं पन्नासच्या वर! आजच्या सिनेमात सहा गाणी झाली की आपण मोबाईल काढतो.

तोवर पद्धत अशी होती की नाटककारच चाली ठरवायचा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी तेच केलं, देवलांनी तेच. साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली, कानडी चाली. ‘मानापमान’ला चालींचं काम पहिल्यांदाच नाटककाराच्या हातून निघून वेगळ्या माणसाकडे आलं. तिशीही न गाठलेल्या या पेटीवाल्याकडे. त्यानं काय केलं, तर उत्तरेकडच्या ठुमऱ्या, कजऱ्या, होऱ्या आणल्या. चाल आधी, मग खाडिलकर तिच्या मापानं शब्द बसवणार. 12 मार्च 1911ला पहिला प्रयोग झाला, भामिनी होते बालगंधर्व. मराठी माणसाच्या कानाला ठुमरीची गोडी लागली ती तिथं. लोक मैफलीला जात नव्हते, नाटकाला जात होते. मैफलच नाटकात आली.

दोन वर्षांनी, 1913मध्ये, बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. गोविंदराव आता भागीदार, शिवाय नट. समोर स्त्रीवेषात बालगंधर्व आणि नायक आपले पेटीवाले. मागं बसून साथ करणारा माणूस रंग लावून पुढं उभा राहिला. आणि दोनच वर्षांत सोडलंसुद्धा! 1915ला स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली.

इथं मला थांबावंसं वाटतं. गंधर्व मंडळीचे खरे सोन्याचे दिवस त्यानंतर आले. 1916ला ‘स्वयंवर’, 1919ला ‘एकच प्याला’. ‘स्वयंवर’च्या चाली कुणी दिल्या, तर भास्करबुवांनी, ज्यांच्या मागं गोविंदराव पेटी धरून बसायचे त्यांनी. म्हणजे खुर्ची रिकामी राहिली नाही. कुणी म्हणेल, काय घाई होती? पण दुसरी बाजू बघा. तीच गंधर्व मंडळी पुढं शालू, अत्तरं आणि कर्ज यांत बुडत गेली. राहिले असते तर तेही त्यात होते. शिवराज मंडळीला गंधर्वांची कीर्ती काही मिळाली नाही, हे खरंच आहे. पण गोविंदराव नाटककार झाले ते या वाटेवर. ‘पटवर्धन’ हे नाटक त्यांनी स्वतः लिहिलं, चालीही स्वतः दिल्या. ‘वरवंचना’ही त्यांचंच. आज ती कुणी करत नाही. ‘मानापमान’ मात्र सगळे करतात, आणि त्यावर लेखक म्हणून नाव खाडिलकरांचं. नाटककार म्हणून टिकला नाही, दुसऱ्याच्या नाटकात टिकला. त्यांना हे कसं वाटलं असतं?

मग आला बोलपट. 1931ला मुंबईत ‘आलम आरा’ झाला आणि इकडं कोल्हापुरात प्रभात कंपनीनं ठरवलं, आपणही बोलायचं. ‘अयोध्येचा राजा’, दिग्दर्शक व्ही. शांताराम, तारामती दुर्गा खोटे. हरिश्चंद्र कोण? गोविंदराव. वय पन्नास. संगीतही त्यांचंच.

त्या वेळी प्लेबॅक नव्हतं. कॅमेऱ्यासमोर अभिनय करतच गायचं, वादक चौकटीच्या बाहेर लपून बसणार. शेवटच्या ओळीत कुणी खोकलं तर सगळं पहिल्यापासून. आणि सिनेमा मराठी-हिंदी दोन्ही, तेच नट, म्हणून सगळं दोनदा! रीटेकला कंटाळणाऱ्या रीलवाल्यांनी ऐकून घ्या. 6 फेब्रुवारी 1932ला तो लागला. त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’मध्ये ते मच्छिंद्रनाथ होते आणि दुर्गाबाईंच्या शेजारी जिवंत चित्ता. पुढच्या वर्षी प्रभात पुण्याला गेली.

1940ला आकाशवाणीनं हार्मोनियमवर बंदी घातली. कारण तेच, पट्ट्यांमधली फट, मींड येत नाही. गोविंदरावांचं ‘माझा संगीत व्यासंग’ त्याच्या आदल्याच वर्षी आलेलं. ज्या वाद्यानं हा माणूस घडवला ते रेडिओवर नको झालं. त्यांनी मात्र काम थांबवलं नाही. ‘जयदेव’ नावाची संगीतिका केली, संहिता, पदं, संगीत, तिन्ही एकहाती. 9 ऑक्टोबर 1955ला ते गेले. बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं.

‘आलम आरा’ची प्रिंट आज कुठंच नाही. ‘अयोध्येचा राजा’ टिकलाय. नेटवर शोधा, आवाज खरखरतो, हेडफोन लावा. हरिश्चंद्र गायला लागला की चेहरा सोडा, श्वास कुठं घेतो ते ऐका. पुढच्या भागात केशवराव भोसले, तोवर भेटू.