प्रभूच्या मेजाजवळ कोण?



 वसईपासून नागपूरपर्यंतची ख्रिस्ती माणसे आज अहिल्यानगरात या संमेलनासाठी एका मांडवात बसली आहेत. दुपारची पंगतही एकच आहे. उद्या रविवारी प्रभुभोजनाला मात्र आपण आपापल्या चर्चची वाट धरू. म्हणूनच आपण हा विषय निवडला : प्रभुभोजन कोणी घ्यावे?

याचे नियम उगाच झालेले नाहीत. बाप्तिस्मा नसलेल्याने ते घेऊ नये, असे ‘दिदाखे’ या आरंभकाळच्या पुस्तिकेतही आहे. अयोग्य रीतीने भाकर खाणाऱ्यांना पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात बजावले. पण त्याला चीड आली होती ती पंक्तिप्रपंचाची. काही जण आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत.

आपल्या शहरात १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन आले, पुढे अँग्लिकनांचे एसपीजी मिशन आले. अँग्लिकनांकडे बिशपांच्या हातून दृढीकरण झाल्यावरच प्रभुभोजन, असा शिरस्ता होता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि त्या मंडळ्यांचे मेज एक झाले. कॅथलिक बंधूंची भूमिका वेगळी आहे : आधी मंडळीचे ऐक्य, मग एक मेज. तीही आपण मनापासून ऐकू.

पण माझ्या मते खरा प्रश्न शेवटच्या बाकावर बसला आहे. दर रविवारी येणारी, गीते तोंडपाठ असलेली एक बाई. भाकरीचे ताट आले की ती ते तसेच शेजारणीकडे देते. तिचा बाप्तिस्मा झालेला नाही. कारण अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही, आणि तिची मुले त्याच दर्जामुळे मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर शिकताहेत. बाप्तिस्मा न घेतलेल्या अशा ख्रिस्तभक्तांनाही रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ या आपल्या बंधुसंघात जागा दिली होती.

निकाल देणे हे माझे, स्वागताध्यक्षाचे, काम नव्हे. बाप्तिस्म्याची अट राहावी, असे मलाही वाटते. पण अट घालणाऱ्याने तिचा भारही वाहावा. बाप्तिस्मा घेऊन ज्यांनी सवलती गमावल्या, त्यांच्या मुलांची फी कशी भरली जाते, हे आपल्या किती पंचकमिट्यांनी विचारले? ते न विचारता नुसते ताट राखत बसलो, तर पौलाचे ते पत्र आपल्यालाच लागू होते.

म्हणून पहिल्या सत्रात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाच बोलायची विनंती केली आहे. आम्ही पाळक मंडळी नंतर बोलू.