पंधरा कप आणि एक कप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘नीती-अनीती’ ह्या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी घाबरलेच. मी कीर्तनकार नव्हे, की प्राध्यापिकाही नव्हे. म्हणून कपबशांपासून सुरुवात करते. त्या तरी रोजच्या हातातल्या आहेत.

ज्याँ पियाजे नावाचे एक स्विस मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. मुलांना बरेवाईट कसे कळते, ह्यावर त्यांचे १९३२ साली पुस्तक निघाले. ते मुलांना दोन गोष्टी सांगत. एका मुलाला जेवायला हाक येते. तो दार ढकलतो, दारामागे खुर्चीवर पंधरा कपांचा ट्रे असतो, आणि सगळे कप फुटतात. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! दुसरा मुलगा आई घरात नाहीसे पाहून फडताळातला मुरंबा काढायला वर चढतो, आणि हात लागून एकच कप फुटतो. अधिक वाईट कोण? सहासात वर्षांची मुले पुष्कळदा म्हणत, पंधरा फोडणारा. नऊदहा वर्षांची मुले मात्र मुरंब्याकडे बोट दाखवीत. पुढच्या अभ्यासकांनी ह्यात एक खोट काढली, की ह्या गोष्टींत नुकसान आणि हेतू दोन्ही एकदम बदलतात. हेतू ठळकपणे सांगितला तर लहान मुलेही तो ध्यानात घेतात.

म्हणजे लहान मुलांना कळते. मोठ्यांचे काय, ते आता सांगते.

काही वर्षांपूर्वी आपल्या दिवाळीच्या फराळ-विक्रीत चौदाशे रुपये कमी भरले. हिशेब एका भगिनीकडे होता. तिच्या सासूबाई तेव्हा इस्पितळात होत्या, ती डबे पोचवून तशीच इकडे पळत येई. सभेत सगळ्या गप्प होत्या. मी बोलले, “एवढी रक्कम आपोआप तर जात नाही ना!” तिने दुसऱ्या दिवशी घरून पैसे आणून भरले आणि येणे बंद केले.

आता मुरंब्याची गोष्ट. त्याच आठवड्यात मंडळाची पेटी माझ्या घरी होती. दारावर भाजीवाला आला, सुटे नव्हते, म्हणून मी पेटीतून शंभर रुपये काढले. कोणाला विचारले नाही. दोन दिवसांनी ठेवून दिले. एकही कप फुटला नाही, म्हणून मला ते कधी बोचलेसुद्धा नाही.

कोणी म्हणेल, मग केवळ हेतूच पाहावा. तेही मला पटत नाही. महाभारतात, कर्णपर्वात, श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतात. सदा खरे बोलायचे हे त्याचे व्रत. लपलेली माणसे कुठे गेली, असे दरोडेखोरांनी विचारताच त्याने खरे सांगितले. माणसे मारली गेली, आणि व्रत पाळूनही कौशिक नरकात गेला. मीही सभेत मंडळाच्या भल्यासाठीच बोलले, असे स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते. कौशिकापाशी निदान सत्य तरी होते! माझ्यापाशी तेही नव्हते.

कारण पुढच्या दिवाळीत जुनी वही चाळताना, दोन पानांना तेलाने चिकटलेली एक पावती सापडली. भाजणी आणि तेलाचे पैसे दुकानदाराला दिलेले, वहीत लिहायचे राहिलेले. रक्कम चौदाशेच.

मी पैसे घेऊन तिच्या घरी गेले. तिने चहा केला, नोटा मोजून घेतल्या आणि मी न मागताच पोच लिहून दिली. शंभर रुपयांचे मी तिला तेव्हाच सांगायला हवे होते. जीभ उचलली नाही. आज प्रथमच तुमच्यासमोर सांगते आहे, आणि चिटणीसबाईंनी हे भाषण स्मरणिकेत छापावे अशी माझी विनंती आहे.

आजचे आमंत्रण मीच नेऊन दिले होते. तिने ते दाराशीच घेतले. “बघते, जमलं तर,” म्हणाली. भाषण सुरू करण्यापूर्वी मी मागच्या रांगांपर्यंत पाहिले. ती आलेली नाही. स्मरणिकेचा अंक मी तिच्याकडे नेऊन देणार आहे.