काटा सांगत नाही, टेप सांगतो

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! आपल्याकडे किडकिडीत माणसालाही मधुमेह का गाठतो, त्याचा एक धागा इथे आहे.

म्हणून नुसत्या वजनावर विसंबू नका; कमरेचा घेर मोजा. घरात शिलाई मशीनजवळ सापडेल तो टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपड्यावरून नव्हे, अंगालगत धरा. पोट आत ओढू नका; श्वास सहज सोडा, मग आकडा वाचा. पुरुषांत 90, बायकांत 80 सेंटिमीटरच्या वर असेल, तर रक्तातली साखर अवश्य तपासून घ्या. गरोदरपणी हे माप लागू नाही.

चरबीची टक्केवारी दाखवणारे काटे तळपायातून बारीक विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतात. वावरातून घामाघूम येऊन उभे राहिलात, तर तो अंदाज चुकतो. पेसमेकर बसवलेल्यांनी त्यावर चढूच नये.