विजेचे भंगार आणि विहिरीचे पाणी



घरातील बिघडलेला दूरचित्रवाणी संच भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढला की तो पुढे कोठे जातो, हे सहसा कोणी विचारीत नाही. उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे असे भंगार रामगंगेच्या काठी वर्षानुवर्षे जाळले गेले. तांबे-सोन्याचे कण वेचून झाल्यावर उरलेली काळी राख नदीकाठीच पडू लागली. अखेर २०१७ साली, असा कचरा टाकणाऱ्यास एक लाख रुपये दंड करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाला द्यावा लागला.

वाशिम जिल्ह्यात मुरादाबादसारखी पेठ नाही. परंतु तांब्यासाठी नाल्याकाठी तारा जाळावयास पेठ लागत नाही; काडेपेटी पुरते. जुन्या सर्किट बोर्डावरील डाखात शेकडा ३७ ते ४० भाग शिसे असे. जुन्या चित्रनलिकेच्या काचेतही शिसे असते, तर काही बॅटऱ्यांत कॅडमियम. काळी चिकण माती शिसे बरेचसे धरून ठेवते, हे खरे. पण आम्ल ओतले की तिची पकड सुटते. शिवाय नाल्याकाठी मातीचा थर पातळ. त्याखाली भेगाळलेला काळा कातळ, आणि त्या भेगांतूनच गावच्या विहिरीला झरे फुटतात. पैनगंगा असो वा अडाण, नाल्यांचे पाणी शेवटी तिकडेच जाते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक शिसे नसावे. म्हणजे पूर्ण विरघळल्यास एक ग्रॅम शिसे एक लाख लिटर पाण्याला या मर्यादेपर्यंत नेते! त्याला रंग नाही, वास नाही. तुरटी वा क्लोरीन हा त्यावर उपाय नव्हे. उकळल्याने तर पाणी आटते आणि शिसे तेवढेच राहते. बालकांच्या मेंदूची वाढ त्याने खुंटते, आणि शिक्षकाला मात्र मूल केवळ 'मंद' वाटते.

गावोगावच्या तपासणी-संचात फ्लोराईड, नायट्रेट, लोह इत्यादी कळते. शिसे सहसा कळत नाही. म्हणून जेथे तारा वा बॅटऱ्या जाळल्या गेल्या असतील, तेथील विहिरीचा नमुना प्रयोगशाळेकडे धाडताना 'जड धातूंसाठी' असे ग्रामपंचायतीने स्पष्ट लिहावे. अन्यथा नेहमीचीच तपासणी होऊन 'पाणी योग्य' असा शेरा येण्याचा संभव आहे.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असे भंगार नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच जावयास हवे. शाळेतील बंद संगणक आणि पंचायतीतील जुने यंत्र यांच्या निर्लेखनाच्या वेळी घेणाऱ्याचे नोंदणीपत्र पाहिले जाते काय, हे प्रत्येक कार्यालयाने आपल्या नस्तीत तपासून पाहावे.