जिरायती मुलूख आणि सहकार



 ही परिषद कालव्याकाठच्या बागायती पट्ट्यात न भरविता पर्जन्यछायेतील या अवर्षणग्रस्त मुलखात भरविण्याचे कार्यकारी मंडळाने ठरविले, ही गोष्ट मला विशेष औचित्याची वाटते. कारण महाराष्ट्रातील सहकाराचा जो गौरव आजवर झाला तो बहुतांशी पाटपाण्याखालच्या जमिनीच्या जोरावर झाला, आणि जेथे वर्षाकाठी वीस इंच पाऊस पडला म्हणजे लोक त्याला सुकाळ म्हणतात, तेथे या तत्त्वाची खरी कसोटी अद्याप लागावयाची आहे. माझे मुख्य प्रतिपादन प्रारंभीच सांगतो. दरिद्री कृषिप्रदेशाचा उत्कर्ष सहकाराने साधावयाचा असेल, तर जमिनी एकत्र करण्याचा आग्रह सोडून पाणी, पिकांची निवड आणि शेतमालावरची प्रक्रिया एवढ्या गोष्टी आपण एकत्र केल्या पाहिजेत, आणि सभासदत्वाचा हक्क सातबाऱ्यावरील क्षेत्रावरून न ठरविता माणसावरून ठरविला पाहिजे.

दख्खनच्या शेतकऱ्याला एकत्र येता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी 12 मे 1875 या दिवसाचे स्मरण करावे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव ते युद्ध संपताच कोसळले, त्याच सुमारास फेरमोजणी होऊन जमीनमहसूल वाढला, आणि दिवाणी अदालतीच्या हुकूमनाम्यांनी वडिलोपार्जित जमिनी सावकाराच्या नावे चढू लागल्या, तेव्हा पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजाराच्या दिवशी उठाव झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या दंग्यांत रयतेचा रोख मुख्यतः खते, गहाणखते, वह्या अशा दप्तरावर होता. ते हाती आले की जाळावे आणि निघून जावे, असेच पुष्कळ ठिकाणी घडले. आपल्या दैन्याचे मूळ कोणत्या कागदात आहे हे ज्या समाजाला इतके अचूक समजले होते, त्याला पर्यायी व्यवस्था मात्र ठाऊक नव्हती. सरकारने चौकशी आयोग नेमला, 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला, आणि पुढे 1904 च्या कायद्याने सहकारी पतपेढ्यांना आरंभ झाला. त्यानंतरच्या अर्धशतकाचे फलित मात्र फार थोडे होते. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या ग्रामीण पतपाहणी समितीला 1951-52 मध्ये असे आढळले की, शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जांत सहकारी संस्थांचा वाटा शेकडा 3.1 होता आणि सावकारांचा सुमारे 70. नुसत्या स्वस्त कर्जाने शेतकरी सावरत नाही, कारण पीक विकताना तो पुन्हा त्याच व्यापाऱ्याच्या दारात उभा राहतो, हा त्या पाहणीचा बोध होता. आणि तो अहवाल सिद्ध होण्याआधीच नगर जिल्ह्यात एका मंडळीने तो कृतीने सांगितला होता.

प्रवरेचा इतिहास आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे, तरी त्यातील एका अंगावर मला थोडे थांबावेसे वाटते. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले आणि प्रवरेच्या दोन्ही तीरांवर ऊस उभा राहू लागला. परंतु लहान शेतकऱ्याच्या उसाला गुऱ्हाळ आणि त्याच्या गुळाला आडत्या याखेरीज वाट नव्हती, तर खाजगी साखर कंपन्या शेतकऱ्यांच्याच जमिनी खंडाने घेऊन मोठमोठे मळे चालवीत होत्या. 1923 साली लोणीत पतपेढी काढणाऱ्या विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखान्यासाठी गावोगाव फिरून भाग गोळा केले. प्राध्यापक धनंजयराव गाडगीळांनी आपली विद्वत्ता आणि प्रतिष्ठा त्या उद्योगामागे उभी केली, वैकुंठभाई मेहतांसारख्या मंत्र्याने सरकारी साहाय्य मिळवून दिले. आणि 1948 मध्ये नोंदलेल्या त्या कारखान्याचे गाळप 1950 च्या अखेरीस सुरू झाले. या कथेतील महापुरुषांचे स्तवन पुष्कळ झाले आहे. मला तिच्यातील पोटनियमांचे महत्त्व अधिक वाटते. सभासद तोच ज्याचा ऊस आहे; भाग कितीही असोत, मत एकच; उसाला भाव सर्वांना सारखा; आणि तोडणी व वाहतूक कारखान्याने करावयाची, लागणीच्या तारखेप्रमाणे पाळी लावून. या शेवटच्या नियमाचे मोल दोन एकरवाल्यालाच कळते. स्वतःचा ऊस स्वतः तोडून, गाडी मिळवून, वजनकाट्यावर रांग धरण्याची त्याची ऐपत नव्हती. पाळीच्या नियमाने त्याचे दोन एकर आणि शेजारच्या पाटलाचे चाळीस एकर एकाच वहीत, एकाच क्रमाने लागले. ज्या काळात राजकीय लोकशाही नुकतीच गावात पोहोचत होती, त्या काळात आर्थिक लोकशाहीचा हा पाठ काही थोडाथोडका नव्हता.

आता या उज्ज्वल चित्राची दुसरी बाजू सांगणे हे माझे कर्तव्य आहे. ती या प्रदेशात सांगितली नाही तर कोठे सांगावयाची? त्या पाळीच्या वहीत ज्याचा ऊस तोडला जातो त्याचे नाव असते. जो तोडतो त्याचे नसते. दिवाळी झाली की बीड, आष्टी, पाटोदा, पाथर्डी, जामखेड, जत या भागांतून लाखो स्त्रीपुरुष कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली असते, आणि मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे बाईची मजुरी तिच्या हातात स्वतंत्रपणे पडतच नाही. पहाटे उठून दवाने भिजलेल्या थळात शिरावयाचे, बुडख्याशी वाकून ऊस तोडावयाचा, पाचट सोलावयाचे, वाढे छाटावयाचे, मोळ्या बांधावयाच्या, आणि वाहन मध्यरात्री आले तरी कोपीत निजलेले मूल तसेच सोडून डोक्यावर मोळी घेत फळीवरून चढून ते भरावयाचे, असा त्यांचा चैत्रापर्यंतचा क्रम. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर ओढली जाते. सुप्याच्या रयतेने जी खते जाळली त्यांत आणि या बाकीत तत्त्वतः काय अंतर आहे, हा प्रश्न सहकाराच्या प्रत्येक अभिमान्याने स्वतःला विचारला पाहिजे. बागायती प्रदेशाच्या सहकारी समृद्धीमागे जिरायती प्रदेशाचे हे श्रम उभे आहेत, आणि त्या श्रमांना ना भाग आहे ना मत.

जिरायती प्रदेशाच्या या दैन्यावर एक उपाय पूर्वी मोठ्या उत्साहाने सुचविला गेला, तो संयुक्त शेतीचा. 1959 च्या जानेवारीत नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात त्याचा ठराव झाला, चौधरी चरणसिंगांनी तेथेच त्याला विरोध केला, आणि देशभर वर्षभर वाद चालला. पुढे ज्या संस्था निघाल्या त्यांतील पुष्कळशा सरकारी अनुदानासाठी किंवा कमाल जमीनधारणेच्या कायद्यातून सुटण्यासाठी दप्तरापुरत्याच उभ्या राहिल्या. शेतकरी अडाणी म्हणून हे झाले असे मी मानीत नाही. कुळकायद्याने नुकतेच ज्याचे नाव जमिनीला लागले होते त्याला ते पुसण्यास सांगणे अन्यायाचेच होते. शिवाय बांध मोडून नांगर एकत्र चालविण्यात जिरायती जमिनीला होणारा लाभ फारसा नसतो, कारण तिची उणीव क्षेत्राची नसून ओलीची असते.

आणि बांध न मोडता एकत्र शेती कशी करावी, याचे ज्ञान आपल्या खानदेशाला शतकांपासून आहे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर लहान लहान बंधारे घालून जी फडपद्धती चालत आली, तिचा अभ्यास करताना पूर्वजांच्या व्यवहारबुद्धीविषयी आदर दुणावतो. बंधाऱ्याखालील सारी जमीन तीन-चार फडांत विभागलेली; प्रत्येक फडात त्या हंगामी एकच पीक, आणि फडांत पिकांची फेरपालट; बहुतेक खातेदारांचा तुकडा वेगवेगळ्या फडांत विखुरलेला, त्यामुळे उसाचा फड लागला काय किंवा एखादा फड कोरडा ठेवावा लागला काय, लाभहानी सर्वांना भोगावी लागे. पाणी देणारा पाटकरी आणि पिके राखणारा जागल्या हे गावाने नेमलेले, त्यांचा मोबदला धान्याचा. पाटाचा गाळ काढण्याचे काम सर्वांचे. नदीला पाणी कमी आले तर कोणते फड भिजवावयाचे हे लाभधारक बसून ठरवीत. जमीन ज्याची त्याची, परंतु पीक आणि पाणी सर्वांचे, असा हा सहकार कोणत्याही कायद्याच्या आधी आपल्या मातीत उगवला होता. आमच्या योजनाकारांनी परदेशांतील सामुदायिक शेतीच्या प्रयोगांकडे जितक्या वेळा पाहिले, त्याच्या निम्म्या वेळा तरी साक्री तालुक्याकडे पाहिले असते, तर बरेच कष्ट वाचले असते असे मला वाटते.

फडपद्धतीतही एक न्यून होते: तिच्यात भूमिहीनाला स्थान नव्हते. ते न्यून भरून काढणारा प्रयोग 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात झाला. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे पाहून पुण्याचे अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानची चाळीस एकर माळजमीन पट्ट्याने घेतली, समतल बांध घातले, उतारावरचे पाणी पाझर तलावात अडविले, खाली विहीर काढून ते पुन्हा वर चढविले; आणि त्या अनुभवातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम मला सहकाराच्या इतिहासातील अत्यंत क्रांतिकारक नियम वाटतात. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि कुटुंबाला अडीच एकरांची मर्यादा, मग जमीन वीस एकर असो की दोन. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जावयाचा नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. उसासारखे बारमाही पीक घ्यावयाचे नाही. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी भरावयाचा. ज्या भूमिहीनाला पाण्याचा हक्क आहे, तो कोणाची तरी जमीन वाट्याने करू शकतो आणि जमीनदाराशी बरोबरीच्या नात्याने बोलू शकतो. ही पद्धती गावोगाव का पसरली नाही? कारण तिला पुरेसा कायदेशीर आधार मिळाला नाही, आणि ज्यांच्या विहिरींना आधीच पाणी होते त्यांना ती नको होती. ही दोन्ही कारणे मनुष्यनिर्मित आहेत, म्हणून निवारण्यासारखी आहेत.

पाणी मिळून वाटण्याचे प्रयत्न इतरत्रही झाले आहेत. नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावर कालव्याच्या टोकाला असलेल्या, ज्यांच्यापर्यंत पाणी पोहोचतच नव्हते अशा शेतकऱ्यांनी बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या मार्गदर्शनाने पाणी वापर संस्था काढल्या, आणि पाणी मोजून घेऊन मोजून वाटण्याची शिस्त लावली. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन चोवीस संस्थांच्या हाती आले. नगरजवळच्या हिवरेबाजारात ग्रामसभा पावसाच्या मापावरून वर्षाचा पाण्याचा ताळेबंद मांडते, त्यावरून पिके ठरविते, आणि शेतीसाठी कूपनलिका घेण्यास तेथे बंदी आहे. कूपनलिकेच्या या प्रश्नावर परिषदेने स्पष्ट भूमिका घ्यावी असे मला वाटते. कारण सर्वांनी श्रमदानाने जिरविलेले पाणी जो सर्वांत खोल जाईल त्याने उपसून न्यावे, असे होत राहिले तर माणसे पुन्हा कुदळ हाती घेणार नाहीत.

प्रक्रियेविषयी थोडक्यात बोलतो. या मुलखातील शेतकरी तूर सुगीत विकतो आणि चार महिन्यांनी त्याच तुरीची डाळ दुकानातून चढ्या भावाने घरी आणतो. बाजरी, करडई, चिंच, सीताफळ, शेळ्यामेंढ्यांची लोकर, सर्वांची कथा थोड्याफार फरकाने हीच. यासाठी साखर कारखान्याएवढे भांडवल लागत नाही. पाचदहा गावांची डाळ गिरणी आणि गुदाम पुरते. दुधाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. 1946 साली खेडा जिल्ह्यात त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली जो संघ निघाला, त्यात सभासद होण्यास जमीन लागत नव्हती, एक म्हैस पुरत होती.

आमच्या कित्येक सहकारी संस्था आज कर्जात बुडाल्या, काही कवडीमोलाने खाजगी हाती गेल्या, ही वस्तुस्थिती मी विसरलेलो नाही. जेथे जेथे ऱ्हास झाला तेथे सभासदांची वार्षिक सभा आधी निर्जीव झाली, ताळेबंद वाचला न जाता मंजूर झाला, थकबाकीदारच संचालक झाले, आणि लेखापरीक्षणाचे शेरे कपाटात राहिले. यावर नवे कायदे फारसे उपयोगी पडत नाहीत; सभेत उठून प्रश्न विचारणारा सभासद उपयोगी पडतो.

या परिषदेपुढे दोन ठराव येणार आहेत. ऊसतोड कामगारांच्या सहकारी संस्था त्यांच्या मूळ गावी नोंदवाव्यात, कारखान्यांनी मुकादमाऐवजी त्या संस्थांशी थेट करार करावा आणि स्त्रीची मजुरी तिच्या स्वतंत्र खात्यावर जमा करावी, हा पहिला. पाणलोटावरील प्रत्येक संस्थेने पाण्याचा हक्क माणशी धरावा, त्यात भूमिहीनाचे नाव घालावे आणि शासनाने या हक्काला कायद्याचा आधार द्यावा, हा दुसरा. दोन्ही ठरावांना विरोध होईल आणि तो आपल्यांतीलच सुस्थित मंडळींकडून होईल. त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे. उद्या सकाळी त्यांवर चर्चा होऊन मतदान व्हावयाचे आहे. आपण सर्वांनी त्या वेळी येथे हजर राहावे, दुरुस्त्या असतील त्या लेखी द्याव्यात, आणि ठराव मंजूर झाल्यास आपापल्या संस्थेच्या पुढच्याच सर्वसाधारण सभेत तो पोटनियम म्हणून मांडावा, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे.