जुनी करवत : रुसणे आणि गळणे



रिद्धपूर म्हटले की महाराष्ट्राला गोविंदप्रभू आणि लीळाचरित्र आठवते. आज मी याच परिसराच्या दुसऱ्या एका बाजूविषयी बोलणार आहे. मोर्शी, वरुड, चांदूर बाजार हा सारा संत्र्याचा पट्टा. आंबिया बहाराची तोडणी उरकली की बागेत सल काढण्याचे काम निघते. बारीक सल सिकेटरने, हातकरवतीने निघते. पण फांदी जाड असली किंवा अख्खे झाडच वाळले असले की पेट्रोलवर चालणारी करवत, म्हणजे चेन सॉ, बाहेर येते. नेमकी त्याच दिवशी ती रुसते. दोरी ओढून खांदा भरून येतो, मजूर बांधावर बसून राहतात आणि ऐकू येते, "मशीन चालूच नाही होऊन राह्यलं, भाऊ!"

दहा-पंधरा वर्षांचे मशीन असले की लगेच निकाल लागतो : इंजिन बसले, नवे घ्या. माझा अनुभव असा, की ही करवत कामाने कमी आणि पडून राहण्याने जास्त बिघडते. वर्षातले पंधरा-वीस दिवस काम आणि बाकी वर्षभर टिनाच्या शेडमध्ये मुक्काम. रोग या मुक्कामात जडतो.

कसा, ते सांगतो. मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये तरंगणारा फ्लोट असतो. करवत आडवी, प्रसंगी उलटी धरावी लागते. तिथे फ्लोट चालत नाही, म्हणून पातळ पडदा बसवलेला असतो. त्याला डायफ्राम म्हणतात. इंजिनातला दाब कमी-जास्त होतो, तसा हा पडदा हलतो आणि पेट्रोल ओढून घेतो. आंद्रेआस श्टील या जर्मन माणसाने १९२६ मध्ये ज्या करवतीचे पेटंट घेतले ती विजेवर चालणारी होती. पुढे पेट्रोलची करवत आली, आणि ती कशीही धरून चालवता येऊ लागली ती या पडद्यामुळे. तो कडक झाला की टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी राहते.

आता पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल हवेतले पाणी ओढते. डबा पावसाळाभर तसाच राहिला तर पाणी आणि इथेनॉल तळाशी बसते, आणि टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. जुन्या मशीनची रबरी नळी आणि पडदा या मिश्रणाचा विचार करून बनवलेले नव्हते. नळी फुगते, मऊ पडते, नाहीतर चिरते. म्हणून ऑईल मिसळलेले पेट्रोल महिन्याभरात संपवावे. मिश्रण मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे करावे. टू-स्ट्रोकच्या चांगल्या ऑईलला बहुधा ५०:१, म्हणजे लिटरला २० मिलि, आणि साध्या ऑईलला २५:१, म्हणजे ४० मिलि असे प्रमाण सांगितलेले असते. "थोडं जास्तच टाका, इंजिनाला बरं" हा सल्ला ऐकू नये. त्याने प्लग काळा होतो आणि सायलेन्सर काजळीने भरतो.

सुरू करताना करवत जमिनीवर ठेवावी, चेन ब्रेक लावावा, मागच्या मुठीत पाय रोवावा. थंड इंजिनाला चोक लावून दोरी ओढावी. एकदा 'फुट्' असा आवाज आला की चोक काढावा. पुष्कळ जण इथेच घाई करतात आणि चोक तसाच ठेवून ओढत राहतात. मग इंजिनात पेट्रोल भरते. दहा वेळा ओढूनही चालू झाले नाही तर प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, तेव्हा टाकीतला फिल्टर, नळी आणि पडदा तपासावा. ओला असेल तर बटण बंद करून, चोक काढून सात-आठ वेळा दोरी ओढावी, प्लग पुसून पुन्हा बसवावा. पडदा आणि पॅकिंगचा संच नव्या मशीनच्या मानाने अगदी स्वस्त असतो.

आता गळती. करवतीत टाक्या दोन, एक पेट्रोलची आणि एक चेनच्या तेलाची. खाली डाग दिसला की आधी वास घ्यावा. चेनचे तेल थोडेफार टपकतेच. पट्टीखाली साचलेला भुसा तेल पितो आणि रात्रभर ठिबकतो. त्याला गळती म्हणू नये, ब्रशने साफ करावे. आपल्याकडच्या मे महिन्यात टिनाखाली टाकीतली हवा फुगून तेल बाहेर ढकलते, तेही दुखणे नव्हे. साफ करून, सावलीत ठेवूनही थारोळे होत असेल तर झाकणाची रिंग आणि तेलाची नळी पाहावी. वाहनातले काढलेले काळे ऑईल चेनला घालण्याची सवय मात्र सोडावी. त्यात धातूचा कीस असतो, पंप झिजतो, आणि ते तेल चालवणाऱ्याच्या अंगावर उडते.

खरी भीती क्रँकच्या सीलची. ते गेले की इंजिन हवा ओढते, ॲक्सिलरेटर सोडला तरी पळत राहते, आणि पिस्टन जळतो. असा आवाज आला की मशीन तिथेच बंद करावे.

हंगाम संपला की दोन्ही टाक्या रिकाम्या कराव्यात आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. पुढच्या वर्षीचे निम्मे दुखणे इथेच टळते.

जुने मशीन सांभाळायचे कुठवर? बटण बंद ठेवून करवत दोरीच्या मुठीला धरून उचलावी. ती गचके देत हळूहळू खाली आली तर कॉम्प्रेशन शाबूत आहे, खर्च करायला हरकत नाही. सरळ खाली आली तर पिस्टन-रिंगा झिजल्या. आणि चेन ब्रेक लागत नसेल तर तो नीट होईपर्यंत मशीन चालवू नये. पट्टीचे टोक फांदीत अडकून करवत उसळते, तेव्हा चेन थांबवणारी तेवढी एकच गोष्ट असते. तो ब्रेक दुरुस्त होण्यासारखा नसेल, तर अशी करवत सुट्या भागांसाठी ठेवावी.