बोरीची राख आणि बर्फाचा हिशेब

आळेफाट्याहून जवळच, कुकडीकाठी बोरी बुद्रुकला नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तो अभ्यासला. ही राख सह्याद्रीची नव्हे, दूर सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची. तिच्या वयावर बराच वाद झाला. १९९८ साली राखेतल्या काचकणांची तपासणी करून ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची असल्याचं मांडलं गेलं.

तो काळ हिमयुगाचा. मग या स्फोटामुळेच उत्तरेकडचा बर्फ पसरला का? २००९ साली हवामानशास्त्रज्ञ ॲलन रोबॉक आणि सहकाऱ्यांनी संगणकावर हे पडताळलं. काही वर्षं कडाक्याची थंडी पडली असावी, पण तेवढ्यानं हिमचादरी पसरल्या नसत्या, असं उत्तर आलं.

हा प्रश्न काही दशकांचा होता. हिमचादर मात्र हजारो वर्षांत वाढते नि वितळते. वाऱ्या-पावसाचं गणित संगणकाला काही मिनिटांच्या टप्प्यानं सोडवावं लागतं. त्याच चालीनं एक लाख वर्षं मोजायची, तर महासंगणकही थकेल.

यावर युक्ती आहे. बराखीत भरलेला कांदा आपण तासातासाला चाळत नाही, ठरावीक दिवसांनी पाहतो. तसंच हवामान काही वर्षं चालवायचं, बर्फ किती पडला नि किती वितळला याची सरासरी काढायची आणि त्यावर हिमचादर शंभर वर्षं पुढे न्यायची. मग तिची नवी उंची नि विस्तार हवामानाला कळवायचा. उंची महत्त्वाची, कारण बर्फाचा माथा खचला की त्याला खालची उबदार हवा लागते आणि तो आणखी वेगानं वितळतो. बदल वेगानं होत असतील, तर ही देवाणघेवाण लवकर लवकर करावी लागते.

दुसरा मार्ग म्हणजे तपशील कमी करणं. जर्मनीतल्या पॉट्सडॅमचं ‘क्लायम्बर’ हे हवामानाचं संगणकी प्रारूप जाडीभरडी जाळी, म्हणजे पृथ्वीचे मोठमोठे चौकोन, वापरून अनेक हिमयुगं पार करतं. पण जुन्नरला यंदा किती पाऊस पडेल, हे त्याला विचारू नये. मान्सूनसाठी पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत चालतात तशी बारीक जाळीची प्रारूपंच हवीत.

ग्रीनलँडचा सगळा बर्फ वितळला, तर जगातला समुद्र सुमारे सात मीटर चढेल. त्याला शतकं लागतील की सहस्रकं, याचं उत्तर अशाच काटकसरीच्या गणितातून येतं. म्हणून असं भाकीत कानावर आलं, की आकड्याआधी एक विचारा: हिशेब सोपा करताना काय गाळलं?